वोलमन आजाराची बाळे आणि ‘३ ब’ हा गट : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री, भारत सरकार
आणि राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाची अंमलबजावणी पाहणारे सर्व सन्माननीय तज्ज्ञ व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मार्च २०२१ मध्ये आपल्या मंत्रालयाने जाहीर केलेल्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात वोलमन आजाराचे, म्हणजे तान्ह्या बाळांच्या पेशींत मेद साठवत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, नाव आहे. ते ‘३ ब’ या गटात आहे. ज्यांच्या उपचारांचा खर्च फार मोठा आहे आणि ज्या उपचारांच्या दीर्घकालीन परिणामांचे पुरावे अजून यायचे आहेत किंवा अगदी थोड्या रुग्णांवरून मिळालेले आहेत, अशा आजारांसाठी हा गट केला गेला. धोरणाचा मसुदा तयार होत होता तेव्हा ही वर्गवारी समजण्यासारखी होती. त्यानंतर पुरावे आले, ते वैद्यकीय नियतकालिकांत छापले गेले, त्यांच्या आधारे इतर देशांनी निर्णय घेतले. आपल्याकडे मात्र हा आजार होता तिथेच आहे. हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून आपल्याला हे पत्र, आणि ज्या पालकांना व डॉक्टरांना याची झळ बसते त्यांनीही ते वाचावे म्हणून जाहीरपणे.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्या भागात मामाच्या मुलीशी किंवा बहिणीच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत अजून टिकून आहे. ज्या आजारात आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, तो आजार अशा सोयरिकीतून उघड होण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक. त्यामुळे ‘दुर्मिळ’ हे विशेषण देशाच्या पातळीवर खरे असले, तरी एखाद्या घरात तोच आजार पुन्हा पुन्हा येतो.

असे एक बाळ चौदाव्या आठवड्याच्या लसीसाठी उपकेंद्रात आणले गेले, तेव्हा वजन करणाऱ्या नर्सताईंच्या लक्षात आले की मागच्या खेपेपेक्षा ते कमी भरते आहे. माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेषा आधी आडवी झाली होती आणि मग खाली वळली होती. उलट्या, पातळ शौच, हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र तट्ट फुगलेले. घरच्यांनी मुडदूस समजून गावठी उपाय केले होते. त्याआधी एका ठिकाणी जंतूंचे औषध आणि दुसऱ्या ठिकाणी दूध पचत नाही म्हणून डब्याची पावडर दिली गेली होती. माझ्याकडे ते आले तेव्हा यकृत बेंबीच्या खाली लागत होते आणि पाणथरीही (प्लीहा) वाढलेली होती. पोटाच्या एक्स-रेवर दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर, ॲड्रिनल ग्रंथींच्या जागी, चुन्याने रेखल्यासारखे दोन पांढरे त्रिकोण स्पष्ट दिसत होते. ज्याने पाठ्यपुस्तकातला तो फोटो एकदा पाहिला आहे, तो हे चित्र विसरत नाही. आईने विचारले, “डॉक्टरबाई, ह्याचं बी थोरल्यागतच हुणार का?” थोरले बाळ असेच पोट फुगून सहा महिन्यांच्या आत गेले होते. त्याचे निदान कोणी केलेच नव्हते.

टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून तपासणीला पाठवले. निदान निश्चित झाले. औषधासाठी अर्ज, शिफारस, दरपत्रक आणि मंजुरी हा प्रवास सुरू झाला, आणि औषधाची पहिली कुपी येण्याआधी बाळ गेले. यात कोणा एका कार्यालयाला किंवा रुग्णालयाला मी दोष देत नाही. जी माणसे मला भेटली ती मदत करू पाहत होती. माझी तक्रार व्यवस्थेच्या घडणीबद्दल आहे, कारण या आजारात जेवढा वेळ हाताशी असतो त्याहून जास्त वेळ तिच्या प्रत्येक पायरीला लागतो.

ज्या वाचकांना या आजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्या रक्तातून मेद आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण पेशींमध्ये शिरतात, आणि पेशीतील लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्यांमध्ये त्यांचे विघटन होते. हे विघटन लायसोसोमल ॲसिड लायपेज या विकरामुळे, म्हणजेच एन्झाइममुळे होते. हे एक मानवी प्रथिन आहे आणि त्याचे जनुक दहाव्या गुणसूत्रावर असते. हे प्रथिन नसेल तर कोलेस्टेरॉलचे एस्टर आणि ट्रायग्लिसराइड लायसोसोममध्ये साठत जातात. यकृत, पाणथरी आणि आतड्याचे अस्तर त्यांनी भरून जाते. अन्न शोषले जात नाही, म्हणून बाळ खात असूनही उपाशी राहते. विकर जवळपास पूर्णच नसेल तर आजार तान्हेपणी उसळतो आणि त्याला वोलमन आजार म्हणतात. १९५६ मध्ये मोशे वोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. विकर थोडेफार शिल्लक असेल तर मूल मोठे होते, परंतु यकृताला सूज, वाढलेले एलडीएल, कमी झालेले एचडीएल (हितकारक मानले जाणारे कोलेस्टेरॉल) आणि पुढे सिरोसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणे, अशी त्याची वाट असते.

या मुलांचे वैद्यकशास्त्रावर मोठे ऋण आहे, आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर त्याचा उल्लेख व्हावा असे मला मनापासून वाटते. १९७५ च्या सुमारास मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोघे शास्त्रज्ञ रक्तातील कोलेस्टेरॉलचे नियमन कसे होते याचा शोध घेत होते. एलडीएल पेशीत शिरल्यानंतर त्यातले कोलेस्टेरॉल मोकळे होण्यासाठी हेच विकर लागते आणि ते मोकळे झाले तरच पेशी स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवणे थांबवते, हे त्यांनी या विकाराच्या रुग्णांच्या त्वचेतील पेशी वाढवून दाखवले. एलडीएलबाबतच्या त्यांच्या कामाला १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या देशात लाखो घरांत कोलेस्टेरॉलचा अहवाल वाचून गोळी सुरू केली जाते, त्यामागच्या ज्ञानात या रुग्णांचा वाटा आहे. त्यांच्या वाट्याला मात्र आपण ‘३ ब’ हा गट दिला आहे.

आता पुराव्यांविषयी. हरवलेले प्रथिन बाहेरून देण्याचा उपाय २०१५ पासून उपलब्ध आहे. सेबेलिपेज अल्फा हे त्याचे नाव. मानवी विकराचे जनुक कोंबड्यांमध्ये घालून त्यांच्या अंड्यांच्या पांढऱ्या बलकात हे प्रथिन तयार करवले जाते आणि तिथून ते शुद्ध करून घेतले जाते. युरोपने त्याला ऑगस्ट २०१५ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्यता दिली. ज्या अभ्यासाच्या आधारे ही मान्यता मिळाली, त्यात झपाट्याने खालावणाऱ्या नऊ तान्ह्या बाळांना हे औषध दिले गेले आणि त्यांतली सहा बाळे पहिल्या वाढदिवसापलीकडे जगली. तुलनेसाठी घेतलेल्या, उपचार न मिळालेल्या एकवीस बाळांपैकी एकही आठ महिन्यांच्या पुढे गेले नव्हते. २०२१ मध्ये दोन अभ्यासांतील एकूण एकोणीस बाळांचे अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत पाच वर्षांपर्यंत जगण्याचे प्रमाण सुमारे ६८ टक्के आढळले. ज्या आजारात बहुतेक बाळे सहा महिन्यांच्या आत दगावतात, त्यात हा आकडा आला आहे. मोठ्या मुलांवरील आणि प्रौढांवरील ६६ रुग्णांच्या अभ्यासात यकृताची सूज आणि एलडीएल दोन्ही कमी झाल्याचे दिसले. कोणते उपचार सरकारी आरोग्यसेवेतून द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने आधी खर्चाचे कारण देऊन बराच काळ होकार दिला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये तिने, कंपनीशी दराचा करार करून, वयाच्या दोन वर्षांच्या आत उपचार सुरू होणाऱ्या वोलमनच्या बाळांसाठी हे औषध मंजूर केले.

रुग्ण थोडे आहेत म्हणून पुरावा थोडा, हा आक्षेप मी वैद्यकीय शिक्षणातून शिकलेली आहे आणि त्याचा आदरही करते. परंतु आजार मुळातच इतका विरळ असेल तर हजार रुग्णांची चाचणी कधीच होणार नाही, आणि परिणाम शून्य विरुद्ध दोन तृतीयांश एवढा ठसठशीत असेल तर तशा चाचणीची गरजही उरत नाही. गोशे, पॉम्पे आणि फॅब्री या आजारांना आपण ‘३ अ’ गटात, म्हणजे पुरेसे पुरावे असलेल्या गटात ठेवले आहे, आणि ते योग्यच आहे. तोच निकष वोलमनला लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. मे २०२२ पासून कोणत्याही गटातील रुग्णाला उत्कृष्टता केंद्रामार्फत, म्हणजे दुर्मिळ आजारांसाठी केंद्र शासनाने नेमलेल्या रुग्णालयामार्फत, पन्नास लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. हा निर्णय मोठा होता आणि त्याबद्दल मंत्रालयाचे आभार मानायला हवेत. पण या औषधाच्या बाबतीत तो कसा उतरतो ते पाहावे. पाच किलोच्या बाळाला आठवड्याला दर किलोमागे तीन मिलिग्रॅम या हिशेबाने पंधरा मिलिग्रॅम औषध लागते. कुपी वीस मिलिग्रॅमची येते. ब्रिटनमधली तिची जाहीर किंमत सहा हजार पौंडांहून अधिक, म्हणजे साधारण सहा-सात लाख रुपये आहे. त्या दराने पन्नास लाखांत सात-आठ आठवडे निघतात. बाळ बाळसे धरून सात किलोचे झाले की डोस एकवीस मिलिग्रॅम होतो आणि दुसरी कुपी फोडावी लागते. उरलेले औषध पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही, कारण त्यात टिकवणारे द्रव्य नसते. म्हणजे उपचार लागू पडला की खर्च दुप्पट होतो, आणि नेमक्या त्याच वेळी मदत संपलेली असते. हा उपचार जन्मभराचा आहे. मध्येच थांबला तर साठवण पुन्हा सुरू होते. दोन महिने औषध देऊन थांबण्याची तरतूद कोणत्याही डॉक्टरला पालकांसमोर समजावून सांगता येणार नाही. लोकवर्गणीसाठी जे संकेतस्थळ आपण उघडले आहे, त्याच्या भरवशावर दर आठवड्याचे औषध चालवता येत नाही, हेही आता मान्य करायला हवे. दिल्ली उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचे आणि दोन आर्थिक वर्षांसाठी ९७४ कोटी रुपयांची तरतूद करण्याचे आदेश दिले होते. न्यायालयाला इतक्या खोलात जावे लागले, यातच या मर्यादेची अपुरी बाजू दिसते.

तिसरी गोष्ट निदानाची, आणि मला ती सर्वांत जवळची आहे, कारण ती आमच्या पातळीवर सुटू शकते. वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरून या विकराची क्रियाशीलता मोजता येते. नमुना टपालानेही पाठवता येतो. एक एक्स-रे किंवा सोनोग्राफी ॲड्रिनलमधला चुना दाखवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या राज्यातील पालघर येथून झाला. त्याची पथके आणि जिल्हा पातळीवरची तपासणी केंद्रे आज अस्तित्वात आहेत. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम सुरू करून दाखवला होता, म्हणजे छोट्या राज्यालाही हे जमते. मी सर्व नवजात बाळांची या आजारासाठी तपासणी मागत नाही. ज्या बाळाचे वजन घटते आहे आणि यकृत व पाणथरी दोन्ही वाढलेली आहेत, त्याचा नमुना त्याच दिवशी मोफत जावा, एवढीच मागणी आहे. निदान झाल्याबरोबर बाळाच्या आहारातील लांब साखळीचे स्निग्धांश जवळजवळ बंद करावे लागतात. त्यात आईचे दूधही आले. सहा महिने फक्त आईचे दूध द्या असे आम्ही गावोगाव सांगतो, ते बरोबरच आहे. पण या एका आजारात त्या दुधातला मेद बाळाला पचवता येत नाही, आणि तसा खास आहार तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात मिळत नाही. औषधाबरोबर हा आहारही मदतीत धरलेला असला पाहिजे, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

मोठ्या मुलांविषयी इथे थोडक्यात लिहिते. अंगाने सडपातळ असूनही ज्या मुलाचे यकृत मेदाने भरलेले आहे, एलडीएल वाढलेले आणि एचडीएल उतरलेले आहे, त्याला ‘फॅटी लिव्हर’ म्हणून आहार-व्यायामाचा सल्ला देऊन परत पाठवले जाते किंवा आनुवंशिक कोलेस्टेरॉल समजून गोळी सुरू होते. अशा मुलांमध्ये ही तपासणी सुचवणारी सूचना आपल्या कोणत्यातरी मार्गदर्शिकेत ठळकपणे यावी.

चौथी आणि शेवटची तक्रार उत्पादनाची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याच मंत्रालयाने जाहीर केले की चार दुर्मिळ आजारांची औषधे देशात बनू लागली आहेत. टायरोसिनेमियावरील निटिसिनोनचा वर्षाचा खर्च २.२ कोटींवरून अडीच लाखांवर आला, असे त्या वेळी सांगितले गेले. ती बातमी वाचून आम्ही डॉक्टर मंडळी खरोखर आनंदलो होतो. ती सगळी औषधे लहान रेणूंची होती, प्रथिने बनवणे त्याहून अवघड असते, हे मला ठाऊक आहे. परंतु हा देश त्यातही नवखा नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये जनुक-अभियांत्रिकीने हिपॅटायटिस-बीची लस बनवून बाजारभाव खाली आणला. वोखार्डने २००३ मध्ये औरंगाबादच्या प्रकल्पातून रिकॉम्बिनंट मानवी इन्शुलिन बाजारात आणले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे प्रथिन पुण्याच्या जिनोव्हाने बनवले. ज्या राज्यात आणि ज्या देशात हे कौशल्य आहे, तिथे लायसोसोमल ॲसिड लायपेज बनवण्यासाठी कारखान्याला खात्रीचा खरेदीदार हवा आहे. रुग्ण थोडे म्हणून कंपनी पुढे येत नाही, आणि कंपनी नाही म्हणून रुग्ण थोडेच उरतात. हे चक्र शासनाशिवाय कोणी मोडू शकत नाही. परदेशात मान्यता मिळालेल्या दुर्मिळ आजारांच्या औषधांना भारतातील स्थानिक चाचणीतून सूट देण्याचा ऑगस्ट २०२४ चा आदेश आणि वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या अशा औषधांवरील सीमाशुल्क २०२३ मध्ये माफ करण्याचा निर्णय, हे दोन्ही योग्य दिशेचे होते. त्यामुळे आयातीचा रस्ता थोडा सोपा झाला. किंमत त्याने उतरलेली नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते. वोलमन आजार आणि लायसोसोमल ॲसिड लायपेजच्या अभावाचे इतर प्रकार यांचा ‘३ अ’ गटात समावेश करण्याबाबत तज्ज्ञ समितीने मुदत ठरवून निर्णय घ्यावा आणि तो नकाराचा असल्यास त्याची कारणे जाहीर करावीत. एक वर्षाच्या आतील बाळाचे निदान निश्चित झाल्यावर औषधाच्या मंजुरीला बहात्तर तासांहून जास्त वेळ लागू नये. त्यासाठी समितीची बैठक होण्याची वाट न पाहता उत्कृष्टता केंद्राच्या प्रमुखांना पहिल्या काही कुप्यांचा अधिकार द्यावा आणि देशात निदान दोन ठिकाणी, शीतकपाटात, अशा कुप्यांचा छोटा साठा ठेवावा. मुंबईचे केईएम रुग्णालय हे महाराष्ट्रातील उत्कृष्टता केंद्र आहे. आमच्यापासून ते सुमारे चारशे किलोमीटरवर असल्याने पहिला उपचार तिथे सुरू झाल्यावर पुढची साप्ताहिक सलाइन जिल्हा रुग्णालयात देण्याची लेखी व्यवस्था व्हावी. किमान दोन तासांचे ते इन्फ्युजन, त्यासाठी लागणारी बारीक गाळणी आणि ॲलर्जीची प्रतिक्रिया आली तर करायचे उपाय हे सर्व जिल्हा रुग्णालयातील परिचारिका शिकू शकतात. पन्नास लाखांची मर्यादा जन्मभराच्या विकरोपचारांना एकरकमी न लावता दरवर्षीच्या तरतुदीत बदलावी, आणि ब्रिटनप्रमाणे सर्व रुग्णांसाठी एकत्रित दर ठरवून कंपनीशी केंद्र शासनाने करार करावा. जैवतंत्रज्ञान विभागाने या प्रथिनाच्या देशी उत्पादनासाठी प्रस्ताव मागवावेत आणि त्यात खरेदीची हमी लिहून द्यावी. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी वेगळी विनंती आहे, की बाल स्वास्थ्य पथकांच्या तपासणी-पत्रकात वजनाची उतरती रेषा आणि वाढलेले यकृत-पाणथरी यांच्यासाठी एक रकाना घालावा आणि रक्ताचे थेंब वाळवण्याची कार्डे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवावीत.

ज्या कुटुंबाविषयी मी लिहिले, त्यांना पुढच्या गर्भारपणात तपासणी करून घेण्याबद्दल आम्ही समजावले आहे. आई-वडील दोघेही वाहक असल्याचे आता कागदावर आहे. त्या बाईंनी मला विचारले आहे की, आता मूल आजारी निघाले तर औषध मिळेल का. त्यांना द्यायचे उत्तर आपल्या मंत्रालयाकडे आहे, आणि ते लेखी मिळावे अशी माझी विनंती आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ
सोलापूर जिल्हा